कॅनडात ड्रेनेज आणि पाण्याच्या लाईनचं काम: पुण्यातून निघायच्या आधी एवढं वाच

तुझा मेसेज दोनदा वाचला. सिव्हिल डिप्लोमा, धायरीला ठेकेदाराकडे ६ वर्षं ड्रेनेज आणि पाण्याच्या लाईनवर सुपरवायझर, लग्न झालंय, आणि एक एजंट ओंटारिओमध्ये 'पाईप लेयर'चं, म्हणजे चरात पाईप टाकायचं, काम लावून देतो म्हणून ८ लाख मागतोय, तर जाऊ का असं विचारलंयस.

आधी त्या ८ लाखांचं सांगतो, कारण घाई त्याचीच आहे. देऊ नकोस. ओंटारिओच्या कायद्याने परदेशी कामगाराकडून नोकरी लावायचे पैसे घेता येत नाहीत. तुला बाहेरून आणायला मालकाला एलएमआयए नावाची जी परवानगी काढावी लागते तिची फी १००० डॉलर आहे, ती मालकानेच भरायची आणि तुझ्याकडून वसूलही करायची नाही. आपल्याकडेसुद्धा नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मग ८ लाख कसले? आईचे दागिने मोडून पैसे दिलेली मुलं मी इथे बघितलीत, आल्यावर ज्या मालकाचं नाव कागदावर होतं त्याच्याकडे कामच नव्हतं, आणि परमिट त्याच मालकापुरतं असल्याने दुसरीकडे उभं राहता येईना. त्यातल्या एकाला मी २ महिने घरी ठेवून घेतला होता म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

माझं म्हणशील तर मी बिबवेवाडीचा, पुण्यात ७ वर्षं हेच काम केलं, बायको नर्स आहे, तिच्या अर्जावर २०१४ ला आम्ही दोघं आलो, ब्रॅम्प्टनला राहतो. म्हणजे मी तुझ्या रस्त्याने आलेलो नाही, पण काम तेच करतोय, आधी ५ वर्षं लाईन टाकायच्या क्रूवर आणि आता एका गावाच्या पाणी विभागात मेंटेनन्सला.

आता जे कुठलाच एजंट तुला सांगणार नाही ते. पुण्यात तू चराच्या काठावर उभा असतोस. डंपी, म्हणजे लेव्हल बघायची दुर्बीण, लावतोस, मेजरमेंट घेतोस, मुकादमाला सांगतोस आणि खाली बिगारी उतरतो, चेंबरमध्ये कोण उतरणार हे तर आपल्याकडे जातीवरूनच ठरलेलं असतं, ते तुलाही माहितीये आणि मलाही. इथे तू खाली असणार. फावडं तुझ्या हातात, पाईपला साबण लावून जॉइंट मारायचा तूच, संध्याकाळी बुटातला चिखल धुवायचा तूच. डिप्लोमा आहे म्हणून कोणी काठावर खुर्ची देत नाही. घरच्यांना हे आत्ताच स्पष्ट सांग, कारण 'मुलगा कॅनडात इंजिनिअर' असं चार ठिकाणी सांगून झालं की मग तुला फोनवर खरं बोलता येत नाही, माझी पहिली २ वर्षं त्यातच गेली. आणि एक गोष्ट फार चांगली आहे, हे काम करणाऱ्याला इथे कोणी वेगळ्या कपात चहा देत नाही. माझा फोरमन ३० वर्षं गटाराच्या लाईनवर होता आणि गावात लोक त्याला थांबवून बोलायचे.

दुसरी गोष्ट जीवाची आहे. पुण्यात असताना एका सोसायटीच्या मागच्या १२ फूट चेंबरमध्ये आमचा एक बिगारी उतरला, कमरेला दोर नाही, झाकण नुकतंच उघडलेलं, दोन मिनिटांत तो खाली बसला आणि मान टाकली. दुसरा लगेच उतरायला निघाला, मुकादमाने त्याची कॉलर धरून मागे ओढला म्हणून तो वाचला, आणि पहिल्याला अग्निशमनवाल्यांनी वेळेत काढला म्हणून तोही वाचला. आपल्याकडे कायदा नाही असं नाही, हाताने मैला उपसायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. पण ते मेल्यावर मिळतात. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, आणि १०० पीपीएमच्या आसपास तर नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे वास गेला म्हणून माणूस निश्चिंत होतो तीच खरी वेळ वाईट. इथे झाकण उघडलं की आधी वायू मोजायचा मीटर दोरीने खाली सोडायचा, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेटणारा वायू, चारही वेगवेगळ्या खोलीवर बघायचे, मग ब्लोअर, मग अंगाला हार्नेसचे पट्टे आणि वर दोर अडकवायला तिपाई, आणि वर एक माणूस ज्याचं दुसरं काहीच काम नाही, फक्त तुझ्याकडे बघत बसायचं.

ट्रेंचचंही तसंच. १.२ मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार पाहिजे किंवा उतार काढलेला पाहिजे. मी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाईपचा उतार बघायच्या लेझरचं टार्गेट हललं म्हणून ३ मीटरच्या चरात ट्रेंच बॉक्सच्या (माती अडवणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) बाहेरच्या बाजूने उडी मारून उतरलो, पुण्याची सवय. फोरमनने एक्स्कॅव्हेटर बंद करायला लावला, मला शिडीने वर घेतलं आणि त्या दिवशी घरी पाठवून दिलं. मला फार अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी त्याने मला तीच जागा दाखवली, रात्रीच्या पावसाने भिंत कोसळली होती आणि माझ्या बुटांचे ठसे होते तिथे छातीएवढी माती पडली होती. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. तेव्हापासून मी कोणाच्याही सांगण्याने बॉक्सशिवाय उतरलेलो नाही. काम धोक्याचं वाटलं तर नाही म्हणायचा हक्क इथे कायद्याने आहे, पण 'हो साहेब, करतो' म्हणायची आपली जीभ आहे ना, ती तुलाच बदलावी लागेल.

काम येईल का म्हणशील तर येईल. ढाळ तोच, २०० मिलिमीटरच्या सांडपाण्याच्या लाईनला १०० मीटरला निदान ४० सेंटीमीटर, सिमेंटच्या ह्यूम पाईपऐवजी हिरवा पीव्हीसी, पाण्याला निळा. खोदायच्या आधी फोन करून लोकेट, म्हणजे जमिनीखालच्या लाईनच्या खुणा, मागवायचे, मग रस्त्यावर रंग मारून जातात, निळा पाण्याचा, हिरवा ड्रेनेजचा, पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी केबलचा. पुण्यात आपण जेसीबी लावतो आणि आधी कोणाचं नेट जातंय ते बघतो, तसं इथे केलंस तर नोकरी जाईल. लाईन दीड मीटरपेक्षा खाली असते कारण जमीन गोठते, आणि जानेवारीत जुन्या बिडाच्या लाईन तडकतात. रात्री २ ला फोन येतो, उणे १८, रस्त्यावर पाण्याचा बर्फ झालेला. अशा वेळी आपल्या पेठेतला व्हॉल्वमन आठवतो, लोखंडी दांडा पाईपला टेकवून दुसरं टोक कानाला लावून गळती कुठे आहे ते सांगायचा. इथे मशीन आहे तरी जुने लोक आधी दांडाच लावतात आणि मलाही तो आवाज ओळखता येतो हे बघून पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यातला मानलं.

गळती काढताना पाणी पूर्ण बंद करत नाहीत, थोडा दाब ठेवतात, खड्डा पाईपच्या खालपर्यंत खोदून होईपर्यंत, म्हणजे चिखल आत ओढला जात नाही, आणि गळतीवर आवळायच्या क्लॅम्पला क्लोरीन मारूनच तो बसवायचा. एवढी काळजी का, तर मे २००० मध्ये इथल्या वॉकरटन गावात पाण्यात ई. कोलाय गेला, सुमारे ५ हजार वस्तीच्या गावात ७ माणसं गेली आणि २ हजारांवर आजारी पडली, आणि पाणी सांभाळणाऱ्यांनी नोंदी खोट्या लिहिल्या होत्या. त्यानंतर कायदा बदलला आणि पाण्याची लाईन सांभाळणाऱ्यांचं लायसन्स कडक झालं. तुला जे सांगायचंय ते या लायसन्सपाशीच आहे. लेबर म्हणून आलास तर ते काम एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे कायम राहायच्या परवानगीच्या पॉइंटवाल्या योजनेत, बसत नाही, आणि मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे वेगळे पॉइंटही काढून टाकलेत, त्यामुळे 'आधी ये, मग पीआर (कायम राहायची परवानगी) आपोआप' हे एजंटचं बोलणं धरू नकोस. हेवी इक्विपमेंट ऑपरेटर किंवा पाणी-सांडपाणी ऑपरेटर ही कामं त्यात बसतात. म्हणून पुण्यात असतानाच एक्स्कॅव्हेटर नीट शीक, अनुभवाचं पत्र ठेकेदाराच्या लेटरहेडवर तारखा, तास आणि कामाच्या तपशिलासकट घे, आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दे. इथे आल्यावर ऑपरेटर-इन-ट्रेनिंगची, म्हणजे शिकाऊ ऑपरेटरची परीक्षा, ७० टक्के लागतात, मग वर्षभर कामाचा अनुभव आणि क्लास १, म्हणजे लायसन्सची पहिली पायरी. पाणीवितरण आणि सांडपाणी, दोन्हीची सर्टिफिकेटं वेगवेगळी, दोन्ही काढ. मोठ्या ट्रकचं डीझेड लायसन्स असेल तर जेटिंग गाडीवर, म्हणजे दाबाच्या पाण्याने ड्रेनेज साफ करणाऱ्या गाडीवर, लगेच घेतात.

पैशाचं एकच सांगतो, ओव्हरटाइम इथे इतरांना आठवड्याला ४४ तासांनंतर, आपल्या कामाला ५० तासांनंतर, युनियनच्या करारात बरं असेल तर तो लागू. आणि लाईन टाकायचं काम डिसेंबर ते मार्च बरंच थंडावतं, त्या महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवायची.

कागद खरे निघाले तर एप्रिलमध्ये ये, सीझन तेव्हा सुरू होतो. बायकोला ४-५ महिन्यांनी बोलाव, घर लागल्यावर. बूट लक्ष्मी रोडवरून आणू नकोस, इथे हिरव्या त्रिकोणाचा सीएसए शिक्का असलेलेच साइटवर चालतात. आणि एजंटला आज एवढंच सांग की एलएमआयएच्या पत्राची कॉपी आणि मालकाचा पत्ता पाठव. आला तर मला पाठव, ब्रॅम्प्टनच्या आसपासचा असला तर रविवारी गाडी काढून स्वतः बघून येतो.