तयार डेक आधी काढून टाक

एमबीबीएसचं फर्स्ट इयर, हातात सीनियरने दिलेला अमेरिकन अँकी डेक (फ्लॅशकार्डांच्या अँकी अ‍ॅपमधला तयार कार्डांचा संच), रोज शेकड्यांनी साचणारे रिव्ह्यू (पुन्हा पाहायची कार्डं), आणि त्यात 'डिसेक्शनऐवजी (शवविच्छेदनाऐवजी) व्हिडिओ पाहिले तर चालेल का, टॅब घेऊ का' हा प्रश्न. दर वर्षी नवी बॅच आली की हे विचारलं जातंच.

अँकी सोडू नकोस, तो डेक सोड. तो यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेसाठी बनलाय, तिथे पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं. तू एमयूएचएसची, म्हणजे महाराष्ट्राच्या आरोग्य विद्यापीठाची. आपल्या पेपरात ब्रेकियल प्लेक्ससवर (हाताला जाणाऱ्या नसांच्या जाळ्यावर) लाँग क्वेश्चन आला की आकृती काढावी लागते, फांद्या लिहाव्या लागतात, अप्लाइडही (आजारांशी असलेला संबंध) लिहावं लागतं. अर्ब्स पाल्सी (हाताचा एक लुळेपणा) म्हणजे सी५-सी६ या नर्व्ह रूट्स (नसांची मुळं) हे कार्ड तोंडपाठ असलेली मुलं कोऱ्या कागदावर त्याच जाळ्याच्या ट्रंक्स (मुख्य दोऱ्या) काढताना अडतात, हे मी व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलाच्या पलीकडे बसून कितीदा पाहिलंय.

आठवून पाहिलेलं वाचलेल्यापेक्षा जास्त टिकतं, यात मात्र वाद नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे गेले. पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं पान म्हणूनच फसवं. आपल्याला येतंय असं वाटतं, तेवढंच.

तेव्हा कार्डं स्वतः कर, थोडी कर, आणि त्याच दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये जे पाहिलंस त्याचीच कर. अँकीत नव्या कार्डांची मर्यादा मुळातच दिवसाला २० असते, ती वाढवू नकोस. साचलेले रिव्ह्यू एका रविवारी संपवायच्या भानगडीतही पडू नकोस.

आता डिसेक्शन. क्लॅव्हिकल (गळपट्टीचं हाड) घे. मिडियल (आतला) दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, लॅटरल (बाहेरचा) एक तृतीयांश पुढून खोलगट, सबक्लेव्हियस स्नायूची खाच खालच्या बाजूला: कार्डावर तीन ओळी. परीक्षक हाड हातात देऊन 'साइड सांग' (डावं की उजवं) म्हणतात तेव्हा आधी चपटं टोक बोटांनी शोधायचं, ते बाहेरच्या बाजूला धरायचं, खाच खाली करायची आणि मगच तोंड उघडायचं. ही सवय व्हिडिओ पाहून लागत नाही. व्हिडिओ आदल्या रात्री बघ, हॉलमध्ये काय शोधायचंय ते कळायला बरा. शिवाय प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे न जाण्याचा प्रश्न तसाही उरत नाही.

एआयला 'मला प्रश्न विचार' म्हणून बसव, चालेल. पण नर्व्ह रूट्स पुस्तकातच तपास.

पुढे वॉर्डात पोस्टिंग लागली की यातलं काहीच हाताशी नसतं. समोर दम लागणाऱ्या आजी असतात, आणि 'आजी, रात्री झोपताना उशा किती घेता? सपाटीवर चालतानाही दम लागतो की जिना चढतानाच?' हे त्यांना कळेल असं विचारावं लागतं. दुपारी वॉर्ड जरा शांत असतो, तेव्हा एखाद्या पेशंटजवळ बसायची सवय सेकंड इयरपासूनच लाव. रेसिडेंट चिडले तर चिडू देत, ते सगळ्यांवरच चिडतात.

टॅबचं म्हणशील तर पहिली टर्म होऊ दे. आधी बोन सेट घे, सीनियरकडे जुना मिळेल. घेताना कार्पल्स (मनगटाची हाडं) मोजून घे, त्यातलं पिसिफॉर्म हमखास हरवलेलं असतं.