निर्वासित का शरणार्थी?

प्रश्न असाय की अमेरिकेत टीपीएस (मायदेशात संकट आहे म्हणून तात्पुरतं राहायची परवानगी) मिळालेल्या नेपाळी, हैतीच्या लोकांना मराठीत निर्वासित म्हणायचं का शरणार्थी. निर्वासित तर आधी काढूनच टाका, बातम्यांत सरसकट तेच म्हणायलेत अन् ऐकून डोकं उठतं. निर्वासन म्हणजे हाकलून लावणं. 2015 च्या भूकंपाआधीच जो नेपाळी न्यूयॉर्कात काम करत होता त्याला कुणी हाकललं? तिकडं सगळं पडलंय, आत्ता परत पाठवत नाही, राहा, काम कर, एवढंच सरकार म्हणालं, तेही 6 ते 18 महिन्यांच्या बोलीवर. मुदत वाढते, एल साल्वादोरची 2001 पासून वाढत वाढत वीस वर्षांच्या पुढं गेली, पण नुसत्या त्याच्यावर ग्रीन कार्ड मिळत नाही. मुदत संपवून घरी धाडलं की मग म्हणा खुशाल निर्वासित. 1993 ला किल्लारीचे लोक पत्र्याच्या शेडात राहिले, त्यांना आपण भूकंपग्रस्तच म्हणलं ना.

आता शरणार्थी. इथं शुद्धवाले लगेच उठतात की हा हिंदीचा शब्द, मराठीत शरण म्हणजे हार. कामून? उदगीर-निलंग्याकडं लिंगायतांच्या घरी जा, आपण रामराम घालतो तसं 'शरणू शरणार्थी' म्हणतात, अन् ते दिल्लीच्या बातम्या ऐकून नाही, कन्नडातून, बसवण्णांच्या परंपरेतून आलंय. अमरकोशात तर स्वच्छ आहे, 'शरणं गृहरक्षित्रोः', म्हणजे घरही शरण अन् राखणाराही शरण. हरण्याचा वास नंतर लागला. जुने टीकाकार शॄ म्हणजे मोडणे हा धातू धरून 'दुःख मोडतं ते शरण' असं लावतात, मला ते साफ ओढूनताणून वाटतं, श्रि म्हणजे टेकणे, ज्याच्यावरून आश्रय अन् आसरा आले (विहिरीवरच्या साती आसरा नाही, त्या अप्सरा), तेच ह्याचं घराणं असणार, कुणी काही म्हणो. म्हणजे शरणार्थी हा घर मागणारा, गुडघे टेकणारा नाही. आणि खरी मजा पुढंच आहे, बाराव्या शतकात बिज्जळ राजाच्या कल्याणात उलथापालथ झाली तेव्हा बसवण्णांचे अनुयायी, ज्यांना शरणच म्हणतात, ते आपल्या वचनांची बाडं घेऊन पांगले असं सांगतात, ते कल्याण म्हणजे उमरग्याहून हैदराबादच्या बाजूला निघालं की येतं ते बसवकल्याण. ज्यांचं नावच घर, त्यांच्यावरच घर मागत फिरायची पाळी!

हां, टीपीएस राहिलंच. त्याला शरणार्थीही म्हणू नका, शब्द गोड असला तरी. असायलम मागणाऱ्याला, म्हणजे खऱ्या शरणार्थ्याला, आपल्या छळाचं प्रकरण एकेकट्यानं मांडावं लागतं, टीपीएस अख्ख्या देशाच्या नावानं लागतं. युरोपनं 2022 ला युक्रेनच्या लोकांना दिलं तेही असंच, 2001 चा नियम पहिल्यांदा बाहेर काढून. 'मुदतीचा आसरा' म्हणा, अन् माणसाला मुदतीचा आसरेकरी. शुद्धवाल्यांना आसरेकरी खटकेल, खटकू द्या.