‘झी हॉरर शो’चा डीव्हीडी किंवा ब्लू-रे संच कधी निघेल का?

नाही निघणार. वाट बघू नका.

प्रश्न एवढाच असता तर मी लिहायच्या भानगडीत पडले नसते. पण खाली तुम्ही जोडलंय की, ‘हा शो काढणाऱ्या रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे परदेशात ब्लू-रेवर आले, म्हणजे मालिकाही येईलच, मग माळ्यावरच्या दोन रेकॉर्ड केलेल्या कॅसेट भंगारात दिल्या तर चालतील ना?’ ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. ‘कंपनीकडे असतंच, कंपनी काढेलच’ हे मी 1998 साली आमच्या माजघरात ऐकलंय. त्यावर झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी तुमचं उरकते. मोंडो मकाब्रो नावाच्या कंपनीने 2023 मध्ये रामसेंच्या सहा सिनेमांचा ब्लू-रे संच काढला, हे खरं. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाजा’ वगैरे. पण ते सिनेमे फिल्मवर काढलेले आहेत. फिल्मची निगेटिव्ह सापडली की ती पुन्हा स्कॅन करता येते, आणि माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कॅसेटवर जिथे नुसता काळोख दिसायचा तिथे आता मागची भिंतसुद्धा दिसते. त्या काळच्या टीव्ही मालिका टेपवर व्हायच्या. टेपवर चित्राच्या जेवढ्या आडव्या रेघा आहेत तेवढ्याच, 576. त्या ब्लू-रेवर घातल्या काय आणि ताम्रपटावर कोरल्या काय, वाढणार नाहीत. शिवाय इथे तबकडी घेतंय कोण? 2007 च्या आसपास मोजर बेअरने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकली, तेव्हा वाण्याच्या दुकानातही सिनेमे टांगलेले असायचे. तेव्हा नाही निघाला हा संच. आता मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-तबकड्यांचं दुकानसुद्धा 2016 मध्ये बंद पडलंय आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला फट नाही. आता कोण काढतो?

झालं तुमचं उत्तर. आता माझं.

वाईला गणपती आळीजवळ आमच्या अण्णांची व्हिडिओ लायब्ररी होती. बाहेर पत्र्याचा बोर्ड, आत तीन भिंतींना फळ्या, आणि काउंटरवर लाल शाईत लिहिलेला पुठ्ठा: ‘कॅसेट रिवाइंड करून आणावी. अन्यथा दंड 2 रु.’ दिवसाला 10 रुपये भाडं. व्हीसीपी, म्हणजे कॅसेट लावायचं मशीन, आणि टीव्ही रात्रभर हवा असेल तर त्याचा दर वेगळा, आणि तो टेम्पोत चढवायला चार माणसं ज्याची त्याने आणायची.

1993 मध्ये झीवर हा शो लागला तेव्हा वाई गावात केबल आली होती, पण आसपासच्या खेड्यांत नव्हती. ‘दस्तक’ ही पहिली गोष्ट, पंकज धीर आणि अर्चना पूरणसिंग. आमच्या आत्याला तो ‘महाभारतातला कर्ण’ म्हणूनच माहीत होता. कर्णाच्या घरात भूत शिरलं याचं तिला फार वाईट वाटलं. एकेक गोष्ट चार-पाच भागांत चालायची, म्हणजे आज अर्धवट थांबली की पुढचा शुक्रवार येईपर्यंत जीव टांगणीला. मेणवलीचा, धोमचा माणूस शनिवारी बाजाराला आला की अण्णांना विचारणार, ‘काल काय झालं हो त्या हवेलीत?’ अण्णांनी तोंडी सांगून पाहिलं. मग ते वैतागले आणि म्हणाले, रेकॉर्डच करून ठेवू.

(कॉपीराइटवरून मला शिकवायला येऊ नका. त्या काळी कुठल्याही व्हिडिओ लायब्ररीत जाऊन पाहिलं असतंत तर टीव्हीवरून उतरवलेल्या मालिका भाड्याने मिळत होत्या, आणि घेऊन जाणाऱ्यांत पोलीस लाईनमधले लोकही होते.)

रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे आलं. मी बारा वर्षांची. दादा मोठा, पण तो शुक्रवारी रात्री कट्ट्यावर. 180 मिनिटांची कोरी कॅसेट घालायची, जाहिरात लागली की पॉझ दाबायचा, गोष्ट पुन्हा सुरू झाली की सोडायचा. ते जमायचं नाही. मी गोधडीतून एक डोळा बाहेर काढून बसलेली असायचे आणि पॉझचं बटण मशीनवर, म्हणजे टीव्हीच्या अगदी पुढ्यात. नेमकी दाराची कडी हलत असताना पुढे जायचं कोणी? त्यामुळे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या जाहिराती आहेत. अण्णा त्यावरून बोलायचे. गिऱ्हाईक मात्र कधी बोललं नाही. जाहिरात आली की बायका उठून भाकरी उलटायच्या.

अशा अकरा कॅसेट झाल्या. प्रत्येकीच्या कडेला माझ्या अक्षरात नंबर, आणि रजिस्टरात कुठल्या कॅसेटवर कुठली गोष्ट ते. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी खुंटी असते. ती तोडली की मशीन त्यावर पुन्हा रेकॉर्ड करत नाही. मी अकराही खुंट्या स्क्रू-ड्रायव्हरने तोडल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

24 एप्रिल 1998. शुक्रवार होता. शारजाची फायनल. दोन दिवस आधी वाळूच्या वादळात सचिनने 143 काढले होते, त्यामुळे गाव तापलेलंच. सचिनचा वाढदिवस. भारताची बॅटिंग सुरू झाली आणि दादाच्या डोक्यात आलं की हे रेकॉर्ड करायचं. कोरी कॅसेट नाही. दुकान बंद. त्याने फळीवरून हाताला लागली ती काढली, ती निघाली माझी सात नंबरची. खुंटी तुटलेली, मशीन घेईना. मग माझ्याच कंपासमधली चिकटपट्टी काढून त्या भोकावर लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा पाच-सहा ओव्हर होऊन गेल्या होत्या. मी ओरडले. घरात आठ-दहा पोरं जमलेली, मला कोण विचारतो. दादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, ‘भुताटकीचं काय एवढं, कंपनीकडे असतंच, कंपनी काढेलच. सचिन पुन्हा असा खेळणार आहे का?’

दादा, तू हे वाचत असशील, वहिनी वाचून दाखवते मला माहितीय. सचिन त्यानंतर पंधरा वर्षं खेळला. आणि ती 134 ची इनिंग आज तुझ्या मोबाइलवर शंभर ठिकाणी आहे, दर एप्रिलमध्ये कोणी ना कोणी पुन्हा टाकतंच. कंपनीने काय काढलं ते बघ, आणि माझ्या सात नंबरमध्ये काय होतं ते कुठे मिळतंय ते बघ.

अण्णांनी त्या दिवशी दादालाच पाठीशी घातलं, हे मला जास्त लागलं. तेसुद्धा मॅचच बघत होते. एरवी रामसेंविषयी बोलायला ते काउंटर सोडून बाहेर यायचे. रामसेंचं ‘दो गज जमीन के नीचे’, 1972 चं, महाबळेश्वरला चित्रित झालं, आणि अण्णा ते सांगताना पसरणीच्या घाटाकडे असं बोट करायचे की भूत अजून तिथेच राहायला आहे. कराचीत रामसेंच्या वडिलांचं रेडिओचं दुकान, फाळणीनंतर लॅमिंग्टन रोड, मग सात भाऊ. एक कॅमेऱ्यावर, एक साउंडवर, एक एडिटिंगला, दोघे डायरेक्शनला. ‘घरचा धंदा असा करावा,’ अण्णा म्हणायचे. आमच्या घरच्या धंद्यात दोनच भावंडं आणि त्यातल्या एकाने दुसरीच्या मालावर मॅच उतरवली.

व्हीसीडी आल्या, केबल खेडोपाडी गेली आणि लायब्ररी बंद झाली. कॅसेट पोत्यात बांधून माळ्यावर. अण्णा गेल्यावर घर आवरायला काढलं तेव्हा दादाने पोतं थेट भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवलं होतं. मी रस्त्यात जाऊन उतरवलं. अकरांपैकी चार बुरशीने गेल्या होत्या. त्यांतली एक आणि चांगल्या तीन एका स्टुडिओत दिल्या, लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणाऱ्या. त्याने काय केलं असेल? आमची बुरशीवाली कॅसेट आधी मशीनमध्ये घातली आणि मग त्याच हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बाकीच्या चालवल्या. चित्राच्या जागी पाऊस. वर म्हणतो, ‘ताई, हॉरर आहे ना, असंच असेल.’

तेव्हा उरलेल्या चार मी स्वतः केल्या. जुना व्हीसीआर अण्णांचाच, संगणकाला जोडायची वायर बाजारातून आणलेली. सात नंबर सगळ्यात शेवटी घातली, कारण तिच्यात मॅचच असणार हे माहीत होतं.

होतीच मॅच. दादाने टेप पुरावी म्हणून ओव्हर संपली की पॉझ दाबला होता, म्हणून सगळे बॉलर पळतच येतात. दोन तास आणि काही मिनिटं. सचिन आउट झाला, दादाने तिथेच बंद केलं. त्या काळी सगळ्यांनी तिथेच बंद केलं. स्क्रीनवर एक पांढरी रेघ वरून खाली गेली आणि खाली दबलेलं माझं वर आलं. 1994 च्या मार्चमधला एक शुक्रवार, गोष्टीचा कुठलातरी मधला भाग. एक बाई कंदील घेऊन जिना उतरतेय. आणि चित्राच्या खालच्या कडेने आमच्या केबलवाल्याची पट्टी सरकतेय: बावधनच्या बगाड यात्रेनिमित्त भाविकांचे स्वागत, मग कुणाच्या तरी मुलाला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग आमच्या लायब्ररीचं नाव, अण्णांचं नाव, ‘नवीन कॅसेट आल्या आहेत’.

बाई जिना उतरून खाली येईपर्यंत ती पट्टी दोनदा गेली. मी भूत बघितलंच नाही.

आता मला सांगा, हे कुठला संच देणार आहे? कंपनीकडची टेप स्वच्छ असते. तिच्यात केबलवाला नसतो.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं, आधीच सांगायला हवं होतं. या शोचे बरेच भाग यूट्यूबवर आहेत, चॅनेलनेच टाकलेले. नुसती गोष्ट बघायची असेल तर आजच बघा, संचाची गरजच नाही. मी बघितले. भीती वाटली नाही. रबरी मुखवट्याची कड गळ्यापाशी दिसते आणि धूर सोडणारा माणूस धूर जरा जास्तच सोडतो. दादाचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं असं तो म्हणेल, म्हणू दे. त्याने 1998 मध्ये यूट्यूबचा विचार करून चिकटपट्टी लावली नव्हती.

सिनेमाचं तरी पुण्यात लॉ कॉलेज रोडला संग्रहालय आहे, 1964 पासून. केबलवरून दिसलेल्या टीव्हीचं तसं कुठेच काही नाही. त्याचा संग्रह म्हणजे तुमचा माळा.

तर त्या दोन कॅसेट. भंगारात देऊ नका, आणि उत्साहाने लगेच मशीनमध्येही घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी, पीठ सांडल्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत. ती घाण साफ झाल्याशिवाय चालवायची नाही, नाहीतर हेड खराब होतं आणि पुढची चांगली कॅसेटही जाते. स्वच्छ असतील तर उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, माळ्यावर तर नकोच. मागची खुंटी शाबूत असेल तर आत्ता तोडा. घरात भाऊ असेल तर आधी तोडा. स्टुडिओत द्यायच्या झाल्या तर ‘लग्नाचं आहे’ असं सांगा, जरा काळजी घेतात. आणि चांगली मोठी फाइल मागा, फाइल लहान करायला त्यांना फार आवडतं. हे पुढच्या वर्षावर टाकू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनेही 2016 मध्ये हात वर केले. आता जी मशीन चालू आहेत तेवढीच.

तुमच्या गावाकडे मशीन मिळालं नाही तर वाईकडे आलात की सांगा. अण्णांचा व्हीसीआर प्ले करतो, रेकॉर्डही करतो, फक्त मागे जात नाही. त्यामुळे कॅसेट रिवाइंड करून आणा, नाहीतर दोन रुपये पडतील.