मूल विमानात बसण्याआधी कोर्टात या

प्रश्न : नवरा दुबईत नोकरीला. भांडणानंतर मी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन राजारामपुरीत माहेरी राहते. मुलाचा पासपोर्ट नवऱ्याकडे आहे. ‘गणपतीला येतो आणि पोराला घेऊन जातो,’ असं फोनवर म्हणाला. पोलीस म्हणतात, बापच आहे, गुन्हा कसा नोंदवणार?

उत्तर : ताई, पोलिसांचं आज तरी चुकत नाही. १९५६ च्या कायद्यानुसार हिंदू मुलाचा बाप नैसर्गिक पालक असतो. कोर्टाची मनाई नसताना त्याने मूल नेलं तर ते अपहरण ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितलं. म्हणून मनाई आधी हवी. गणपतीपर्यंत थांबू नका.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मूल जिथे राहतं तिथेच अर्ज होतो. तुमच्यासाठी कोल्हापूरचं कौटुंबिक न्यायालय. सोबत कलम १२ चा अंतरिम अर्ज जोडा. परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट कोर्टात जमा करावा, हे बहुतेक वकील मागतात. आदेश इमिग्रेशनला कळवून लुकआउट सर्क्युलर, म्हणजे विमानतळावर अडवण्याची सूचना, काढावं, ही मागणी मात्र राहून जाते, आणि माझ्या मते खरा जीव तिच्यातच आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून परदेशी विमान सुटत नाही. नवरा मुंबई किंवा गोवा गाठणार. तिथल्या काउंटरवर मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आधी पोचलेला असेल तरच कुणी अडवेल.

नंबर ठाऊक नसेल तर जुन्या व्हिसाची झेरॉक्स शोधा. शाळेचा बोनाफाईड आणि धमकीचे व्हॉट्सअॅप मेसेजही जोडा. माझ्याकडे एक आई सोमवारी सकाळी आली होती. मूल शनिवारी रात्रीच गेलेलं. पिशवीत सगळे कागद व्यवस्थित लावून आणले होते तिने. दोन दिवस आधी तेवढेच पुरले असते.

प्रश्न : माझ्या सहीशिवाय बायको मुलाचा पासपोर्ट काढू शकते का?

उत्तर : हो. एका पालकाच्या घोषणापत्रावरही निघू शकतो. ताब्याचा दावा दाखल असेल तर तसं पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवा, आदेशाची प्रत जोडा आणि पोच घ्या.

प्रश्न : घटस्फोटानंतर मुलगी माझ्याकडे आहे. तिची आई अमेरिकेत असते, सुट्टीत महिनाभर बोलावते आहे. परत पाठवेल ना, ही धास्ती वाटते.

उत्तर : मुलीला आई हवीच, तेव्हा सरसकट नकार देऊ नका. पण धास्ती खोटी नाही. मूल परत आणण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे मुलगी तिकडेच राहिली तर त्या कराराचा रस्ता तुम्हाला बंद. इथल्या कोर्टाकडून जाण्यायेण्याच्या तारखा, पत्ता, परतीचं तिकीट आणि आईची लेखी हमी असलेला आदेश घ्या. मग तसाच आदेश तिकडच्या कोर्टातून, ज्याला मिरर ऑर्डर म्हणतात.

तीही लोखंडी कुलूप नव्हे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाला मिरर ऑर्डरच्या अटीवर वडिलांबरोबर केनियाला जाऊ दिलं. वडिलांनी शब्द मोडला आणि २०२१ मध्ये न्यायालयाला स्वतःचा आदेश मागे घ्यावा लागला. म्हणून माझा आग्रह, पहिली सुट्टी आईने इकडे येऊन घालवावी. आदेश मनासारखा झाला नाही तर अपिलासाठी मुंबईला जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू आहे.