कपाटाचं कुलूप आधी काढा

प्रश्न : माझा मुलगा निपाणीत दुसरी पीयूसी (बारावी) सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, ८९ टक्के. पहिल्या पीयूसीला एकदम ६१ वर आला. वर्षभर तो हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौसेनं वायरलेस चालवणाऱ्यांच्या, नादाला लागलाय. परीक्षा देऊन लायसन्सही काढलंय. पुरात फोन बंद पडले तर गावागावांत निरोप आणि याद्या पाठवता याव्यात म्हणून वायफायची यंत्रं कुणाच्या गच्चीवर, कुठल्या टाकीवर बसवत फिरतो. २०१९ च्या पुरात त्याला आणि त्याच्या आईला निवारा केंद्रात सोडून मी जनावरांसाठी गावात परत गेलो आणि दोन दिवस आमचा संपर्क तुटला, तेव्हापासून हे खूळ. माझ्या मेहुण्यांचा मुलगा बेंगळुरूला कॉम्प्युटर सायन्स करून मोठ्या कंपनीत लागला. यानंही तेच करायचं ठरलंय, क्लासचे पैसे भरलेत. परवा चाचणी बुडवून तवंदी घाटात अँटेना लावायला गेला, म्हणून वायरलेस सेट आणि सगळं सामान कपाटात घालून कुलूप लावलंय. "यातून एक रुपया कमावून दाखव, मग देतो" असं सांगितलंय. तो घरात बोलत नाही. तुम्ही त्याला दोन शब्द समजावा.
– एक पालक, निपाणी तालुका

उत्तर :

नमस्कार. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर मी त्यातलं थोडंच दिलंय. त्या चार पानांत मेहुण्यांच्या मुलावर जवळजवळ एक पान आहे. त्याचं पॅकेज, त्याचा फ्लॅट, लग्नकार्यात लोक त्याच्याबद्दल काय बोलतात, हे सगळं आहे. तुमच्या मुलाला कुठला विषय आवडतो, यावर एक ओळही नाही. "ठरलंय" असं तुम्ही लिहिता. कुणी ठरवलं? मुलगा त्या बैठकीला होता का? मला ६१ टक्क्यांची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती या एका शब्दाची आणि त्या कुलपाची.

तुम्ही २०१९ चा उल्लेख एका वाक्यात उरकलाय. मी मात्र तिथेच थांबलो. ऑगस्टमधले ते दिवस आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा सगळ्याच एकदम चढल्या होत्या. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, आणि हातात फोन असून माणसं मुकी झाली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, यमगर्णीजवळ हायवेवर पुन्हा पाणी आलं तेव्हा तीच गत. तुमचा मुलगा २०१९ ला दहा-अकरा वर्षांचा असेल. आपला बाप जिवंत आहे की नाही, हे त्याला दोन दिवस कळत नव्हतं. तुमच्या दृष्टीनं तुम्ही म्हशी सोडवायला गेला होता आणि सुखरूप परत आलात, विषय संपला. त्याच्या दृष्टीनं तो विषय संपलेला नाही. बाप पाण्यात अडकला तर निरोप कसा पोचवायचा, या प्रश्नाचं उत्तर तो इतकी वर्षं शोधतोय आणि आता कुठे ते त्याच्या हाताला लागलंय. ते तुम्ही कपाटात घालून कुलूप लावलंत. तो बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही.

तो नक्की काय करतोय ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. हातातल्या वायरलेस सेटवरून आवाज जातो, एका वेळी एकच माणूस बोलतो. निवारा केंद्रात दीडशे माणसं आहेत, त्यांची नावं, वयं, कुणाला इन्शुलिन लागतं, कोण गरोदर आहे, हे सगळं तालुक्याला कळवायचं असेल तर ते आवाजावर वाचून दाखवायला तास जातो आणि ऐकणारा निम्मी नावं चुकीची लिहितो. आपल्याकडे तर एका यादीत मराठी नावं, दुसरीत कन्नड. हौशी रेडिओवाले डेटा पूर्वीपासून पाठवत आले आहेत, पण निरोपाचे छोटे तुकडे करून पाठवणाऱ्या त्यांच्या पॅकेट रेडिओचा नेहमीचा वेग सेकंदाला १२०० बिट. त्या वेगानं २ एमबीचा एक फोटो पाठवायला साडेतीन तासांहून जास्त लागतात. म्हणून अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी वेगळी वाट काढली. बाजारात मिळणारी मायक्रोटिक, युबिक्विटीसारख्या कंपन्यांची घराबाहेर बसवायची वायफाय यंत्रं घेतली, त्यात स्वतःचं सॉफ्टवेअर घातलं आणि त्यांचं जाळं विणलं. एआरईडीएन (अमॅच्युअर रेडिओ इमर्जन्सी डेटा नेटवर्क) हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव. जाळ्यातलं प्रत्येक यंत्र शेजारचं यंत्र आपोआप ओळखतं. एक बंद पडलं तर निरोप दुसऱ्या वाटेनं फिरून जातो. मध्ये मोबाइल कंपनी नाही, इंटरनेट नाही. यादी, फोटो, नकाशा, आतल्या आत फोन, सगळं त्यावरून जातं.

आणि हे नुसतं खांबावर डबा ठोकणं नाही. ५.८ गिगाहर्ट्झ या वायफायच्या लहरींवर दहा किलोमीटरचा दुवा जोडायचा तर दोन अँटेना एकमेकींना दिसून भागत नाही. मध्यावर त्या रेषेच्या चहूबाजूंना साधारण अकरा मीटर जागा मोकळी लागते. त्यात एखादं चिंचेचं झाड आलं आणि पावसात पानं भिजली की दुवा तुटला. तवंदीचा माथा त्यानं का निवडला ते आता लक्षात येईल. पुढचा प्रश्न विजेचा. यंत्राला ६ वॉट लागत असतील आणि १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, तर ते ४० तास चालतं. पुराच्या दिवसांत सोलर पॅनेलला ऊन मिळत नाही, म्हणजे तेवढ्यातच भागवायचं. तुमचा मुलगा ही गणितं वहीत मांडतो का ते एकदा बघा. मांडत असेल, तर त्याला फिजिक्स येतं.

मग मार्क का पडले? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर पीयूसीला एकदम इंग्रजीत पडतं. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीण, सगळीकडची मराठी मुलं या एका पायरीवर अडखळतात आणि घरचे समजतात की पोरगं बिघडलं. त्याला उत्तर येत असतं, पण ते डोक्यात मराठीत तयार होतं आणि कागदावर उतरेपर्यंत वेळ संपतो. त्यावर उपाय आहे. प्रत्येक धड्यातल्या इंग्रजी संज्ञा मराठी अर्थासह वेगळ्या वहीत लिहायच्या, जुन्या प्रश्नपत्रिकेतली रोज दोन उत्तरं घड्याळ लावून इंग्रजीतच लिहायची आणि कॉलेजातल्या सरांकडून तपासून घ्यायची. वीस हजारांच्या क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. हॅमच्या परीक्षेला रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन्ही विषय असतात आणि अभ्यासाचं साहित्य बहुतेक इंग्रजीतच मिळतं. हे त्यानं कुणी मागे न लागता वाचलं आणि पास झाला. म्हणजे इंग्रजीतलं तांत्रिक वाचन त्याला जमतं. तेच फिजिक्सच्या पुस्तकाकडे वळवायचं आहे.

आता तुमच्या "एक रुपया कमावून दाखव"बद्दल. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही. हॅम लायसन्स म्हणजे धंद्याचा परवाना, किंवा निदान नोकरीसाठीचं सर्टिफिकेट, असं बरेच पालक धरून चालतात. खरं याच्या अगदी उलट आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत हौशी सेवेची व्याख्याच अशी आहे की ती स्वतःच्या आवडीसाठी, पैशाचा हेतू न ठेवता करायची. या लायसन्सवर निरोप पोचवून त्यानं पैसे घेतले तर नियम मोडला. म्हणजे तुम्ही त्याच्यापुढे अशी अट ठेवलीत की जी पाळली तर लायसन्स जाईल आणि नाही पाळली तर सेट मिळणार नाही. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या हॅम सहकाऱ्यांबरोबर अंदमानात होत्या. त्या तिथे गेल्या होत्या हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी. सुनामी आली, बाकीचा संपर्क तुटला आणि त्यांच्याच सेटवरून पोर्ट ब्लेअरची खबर मुख्य भूमीवर जाऊ लागली. त्या कामाचा कुणी पगार दिला नव्हता. मुलाला यातून मिळणार आहे ते कौशल्य. अँटेना, लिनक्स, नेटवर्क, बॅटरी, आणि चार गावच्या, दोन भाषांच्या लोकांना एका कामाला जुंपणं. पुढे पगार मिळेल तो या कौशल्याला. भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या संरक्षण कंपन्या, टेलिकॉम कंपन्या, पोलिसांचं वायरलेस खातं, लष्कराची सिग्नल्स शाखा, सगळ्यांना अशी माणसं लागतात. पण तिथे दार उघडतं ते पदवी किंवा डिप्लोमा हातात असल्यावर. हॅमचं लायसन्स दाखवून नोकरी मिळत नाही, हे मुलालाही स्पष्ट सांगा.

मुलाचीही चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. चाचणी बुडवून तवंदीला जाणं चूक. पूर काही हिवाळ्यात येत नाही, अँटेना रविवारी लावता आली असती. जाळं उभारणाऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर असणं, आणि तिथेच तो चुकला. दुसरं, पाण्याच्या टाकीवर तो एकटा चढत असेल तर ते आजच बंद करायला सांगा. खाली दुसरा माणूस, कमरेला दोर, आणि ढग गडगडत असताना कुठल्याही लोखंडाला हात लावायचा नाही. अर्थिंग केल्याशिवाय अँटेना उभी करायची नाही. तिसरं, अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसतं ते सगळं इथे चालत नाही. तिथल्या हॅम लोकांना वायफायच्या नेहमीच्या चॅनेलांच्या खालचेही चॅनेल वापरता येतात. ते त्यांच्या लायसन्सवर. आपल्याकडे त्यानं विनापरवाना खुल्या असलेल्या लहरींच्या पट्ट्यातच आणि शक्तीच्या मर्यादेतच राहावं. २.४ गिगाहर्ट्झवर ती मर्यादा, अँटेना एका दिशेला शक्ती एकवटून जी वाढ देते ती धरून, ४ वॉट आहे. मोठी डिश लावली की नकळत ती ओलांडली जाते. आणि हॅमच्या पट्ट्यात अर्थ लपवलेले गुप्त निरोप पाठवता येत नाहीत, मग रुग्णांची नावं उघड्यावर पाठवायची का? या प्रश्नावर त्यानं विचार केलाय का ते मला त्याच्याकडून ऐकायचं आहे.

प्रवेशाच्या वाटा तुम्हाला माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकला सीईटी आणि पीयूसीचे मार्क निम्मे-निम्मे धरतात, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेकडे पाठ फिरवू नका. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी 'ई' प्रकार आहे. त्याचे कागद आत्तापासून गोळा करा, ऐन वेळी दाखल्यासाठी धावपळ होते. मार्क कमी पडले तर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यात कमीपणा नाही.

शाखेचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे. या मुलाला कॉम्प्युटर सायन्सकडे ढकलू नका. तो स्वतःहून मागत असेल तर जरूर जाऊ दे. पण तुमच्या पत्रावरून मला जो मुलगा दिसतो, त्याची जागा इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनमध्ये आहे. त्यासाठी बेंगळुरूच गाठायला हवं असंही नाही, बेळगावात चांगली कॉलेजं आहेत. आणि इथे राहिला तर पावसाळ्यात त्याचं जाळं चालू राहील.

त्याला समजावण्याचं काम मी घेत नाही. ते तुमचं आहे. आज संध्याकाळी कुलूप काढा, सामान त्याच्या हातात द्या आणि मार्कांचा विषय न काढता त्याला विचारा, तवंदीवरून आपलं घर दिसतं का. तो दाखवील. मग त्याच्याबरोबर बसून ठरवा. परीक्षा होईपर्यंत रेडिओ फक्त रविवारी दुपारनंतर, एकही चाचणी बुडणार नाही, आणि अँटेनाच्या कामाला जाताना घरी सांगून जायचं. हे दोघांनी मिळून ठरवायचं. तुम्ही एकट्यानं ठरवून त्याला ऐकवलंत तर पुन्हा तेच "ठरलंय" होईल. जमलं तर एखाद्या रविवारी तुम्हीही वर जा. शिडी धरायला माणूस लागतोच.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. पहिल्या पीयूसीचे विषयवार मार्क आणि जाळ्याचा हातानं काढलेला नकाशा पाठवू दे, कुठल्या गावात यंत्र बसलंय आणि कुठे अडलंय ते दाखवून. मराठीत लिहिलं तरी चालेल.