वाचकांचे प्रश्न : इथिओपियाची भाषावार राज्ये

प्रश्न : इथिओपियात वंश आणि भाषा यांच्या आधारावर राज्ये आखलेली आहेत, असे वाचनात आले. ही व्यवस्था आपल्या भाषावार प्रांतरचनेसारखीच आहे का? तिथे नवे राज्य कसे निर्माण होते?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : साम्य आहे, पण ते फार खोलवर जात नाही. आपल्याकडे १९५६ च्या पुनर्रचनेत सीमा भाषेवरून ठरल्या, तरी एखादे राज्य अमुक भाषकांच्या मालकीचे आहे, असे राज्यघटना म्हणत नाही. शिवाय नवे राज्य करण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेचा असतो आणि विधानसभेचे मत मागवले गेले, तरी ते संसदेवर बंधनकारक नसते. आपली घटना ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी सुरू होते. ऑगस्ट १९९५ पासून अमलात असलेली इथिओपियाची घटना मात्र ‘आम्ही इथिओपियाची राष्ट्रे, राष्ट्रीयत्वे आणि जनसमूह’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते, आणि सार्वभौमत्व या समूहांच्या ठायी आहे असे मानते. कलम ३९ ने तर त्यांना देशातून फुटून निघण्याचाही हक्क दिला आहे.

यामागे मोठी वेदना आहे, ती विसरून या व्यवस्थेचा न्याय करू नये. ऐंशीहून अधिक भाषांच्या या देशात सम्राट हैले सेलासी यांच्या काळी प्राथमिक शाळा, कचेरी आणि न्यायालय अम्हारिक भाषेतच चाले. ओरोमो ही तिथली सर्वांत मोठ्या समूहाची भाषा, पण तिला शाळेत जागा नव्हती. १९९१ मध्ये दर्ग ही लष्करी राजवट कोसळली, ती प्रामुख्याने वांशिक आघाड्यांच्या सशस्त्र लढ्यामुळे, आणि नवी रचना त्याच आघाड्यांनी घडवली. आज ओरोमिया राज्यातील मुले ओरोमो भाषेत, लॅटिन लिपीतून शिकतात. माझ्या मते या व्यवस्थेची सर्वांत मोठी कमाई हीच आहे.

नव्या राज्याची मागणी तो समूहच करतो. त्याच्या परिषदेने दोन तृतीयांश मतांनी ठराव केला, की वर्षभरात सार्वमत घ्यावे लागते. सिदामा समूहाच्या परिषदेने २०१८ मध्ये असा ठराव केला. मुदत टळली तेव्हा जुलै २०१९ मध्ये हिंसाचार उसळून अनेकांचे प्राण गेले. अखेर २० नोव्हेंबर २०१९ रोजी सार्वमत झाले, ९८ टक्क्यांहून अधिक मते वेगळ्या राज्याच्या बाजूने पडली आणि २०२० मध्ये सिदामा राज्य अस्तित्वात आले. सिदामा ज्यातून निघाले, ते पन्नासहून अधिक समूहांचे दक्षिणेचे राज्य पुढे तुटतच गेले. १९९५ मधील नऊ राज्यांची २०२३ पर्यंत बारा झाली. अदिस अबाबा आणि दिरे दावा ही दोन शहरे त्यांखेरीज वेगळी.

याच दक्षिणेतली आधीची एक घटना मला फार बोलकी वाटते. वोलाइता, गामो, गोफा आणि दाव्रो या चार भाषा एकमेकींना अगदी जवळच्या. प्रशासनाने चौघींच्या आद्याक्षरांवरून ‘वोगागोदा’ अशी एकच भाषा घडवली आणि तिची पाठ्यपुस्तके शाळांत पाठवली. आपल्या भाषेचे नावच पुस्तकावरून गेले, हे वोलाइतांना सहन झाले नाही. १९९९ च्या सुमारास सोदो शहरात शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, माणसे मेली, पुस्तके मागे घ्यावी लागली आणि २००० मध्ये हे चारही समूह ज्यात होते, तो जिल्हाच विभागला गेला. कोकणीचा वाद जवळून पाहिलेल्या गोव्यातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

प्रश्न : मग मिश्र वस्ती असेल तिथे काय करतात?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : या प्रश्नाला त्या घटनेकडे समाधानकारक उत्तर नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. जमीन एका समूहाच्या नावे झाली, की तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला दुसरा माणूस परका ठरतो. उत्तरेकडील पश्चिम तिग्राय या भागावर अम्हारा आणि तिग्राय ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात, आणि २०२० ते २०२२ च्या युद्धात त्या वादाची फार मोठी किंमत सामान्य माणसांनी मोजली.

हरार हे तटबंदीचे प्राचीन शहर आणि त्याच्या भोवतीचा छोटा प्रदेश मिळून हरारी राज्य बनते. २००७ च्या जनगणनेनुसार तिथे हरारी लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते आणि निम्म्याहून अधिक लोक ओरोमो होते. म्हणून तिथल्या विधिमंडळाची दोन सभागृहे केली. त्यांपैकी हरारी राष्ट्रीय सभेच्या १४ जागांसाठी केवळ हरारी लोकच मतदान करतात. अदिस अबाबात राहणाऱ्या हरारी माणसालाही त्या जागांसाठी मत देता येते. हरारमध्येच जन्मलेल्या त्याच्या ओरोमो शेजाऱ्याला ते देता येत नाही.