'गुड इन' की 'गुड ॲट'?

प्रश्न असा आहे: नोकरीच्या अर्जात आपली कौशल्यं सांगताना 'गुड इन ड्रॉइंग', 'प्रोफिशियंट इन जर्मन' आणि 'ॲन एक्स्पर्ट ऑफ अकाउंटिंग' असं लिहिलं तर चालेल का?

मधलं चालेल. पहिल्यात 'इन'च्या जागी 'ॲट' हवं आणि तिसऱ्यात 'ऑफ'च्या जागी 'इन'.

ही गल्लत होते ती मराठीमुळे. चित्रकलेत निपुण, पोहण्यात तरबेज, बोलण्यात पटाईत, गणितात कच्चा: विषय असो की कृती, आपला सप्तमीचा 'त' सगळीकडे चालतो. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही हात आपसूक 'इन'कडे जातो. 'एक्स्पर्ट ऑफ'च्या मागे बहुधा 'हिशेबाचा जाणकार' मधला 'चा' असावा. तशी मराठीही काही एकमार्गी नाही. माणूस कामाला वाघ असतो, शब्दाचा पक्का असतो आणि त्याचं भाषेवर प्रभुत्व असतं. हे 'ला', 'चा' आणि 'वर' आपण कधी पाठ केले नाहीत, म्हणून ते खटकत नाहीत, एवढंच.

इंग्रजीत पाहायचं ते विशेषणाच्या पुढे काय येतंय हे. एखादी गोष्ट करण्याचं कसब असेल तर 'ॲट'; ज्ञानाचं किंवा व्यवसायाचं क्षेत्र असेल तर 'इन'. फरक स्वच्छ दिसतो तो 'एक्स्पर्ट' या शब्दात. 'एक्स्पर्ट इन टॅक्स लॉ' म्हणजे करकायद्याचा तज्ज्ञ. 'एक्स्पर्ट ॲट डॉजिंग टॅक्सेस' म्हणजे कर चुकवण्यात वस्ताद. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण अर्जात पहिलंच लिहावं! याच शब्दापुढे 'ऑन'ही येतं. 'ॲन एक्स्पर्ट ऑन व्हेल्स' म्हणजे देवमाशांबद्दल अधिकारवाणीने बोलू शकणारा. तिथे काही करून दाखवण्याचा प्रश्न नसतो.

'स्किल्ड', 'अडेप्ट' आणि 'प्रोफिशियंट' यांना 'ॲट' आणि 'इन' दोन्ही चालतात, आणि निवड बहुतेक वेळा वरच्याच कसोटीने होते. पेटंट कायद्यातला 'पर्सन स्किल्ड इन द आर्ट' हा ठरलेला शब्दप्रयोग घ्या. तिथे 'आर्ट' म्हणजे तंत्रज्ञानाचं एखादं क्षेत्र, म्हणून 'इन'. वाटाघाटी करण्यात कुशल म्हणायचं तर 'स्किल्ड ॲट निगोशिएटिंग' आणि 'स्किल्ड इन निगोशिएटिंग' ही दोन्ही रूपं छापून आलेली दिसतात. त्यात चूक काढत बसण्यात अर्थ नाही.

'गुड' मात्र या कसोटीला जुमानत नाही. गणित हा विषय असूनही 'गुड ॲट मॅथ्स'च. 'बॅड', 'टेरिबल', 'होपलेस' आणि 'ब्रिलियंट' ही मंडळीही 'गुड'च्याच वाटेने जातात. अमेरिकी बोलण्यात शाळेच्या विषयांपुढे 'गुड इन' कानावर पडतं, पण अर्जात 'ॲट' लिहिलेलं बरं. 'गुड इन' इतरत्र अगदी शुद्ध असतं, फक्त अर्थ वेगळा: 'गुड इन अ क्रायसिस' म्हणजे आणीबाणीच्या प्रसंगी डोकं शांत ठेवून वागणारा. तिथे 'इन'पुढे परिस्थिती आहे, कौशल्य नाही.

उलट 'फ्लुअंट' आणि 'व्हर्स्ड' यांना 'इन'शिवाय दुसरं काही खपत नाही. 'व्हर्स्ड'चं मूळ लॅटिनमधल्या 'एखाद्या गोष्टीत गुंतून राहणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे, त्यामुळे तो 'इन' मुळापासूनच सोबत आलेला. 'वेल व्हर्स्ड विथ' सर्रास लिहिलं जातं. ते टाळावं.

'विथ'ची खरी जागा वेगळी आहे. ज्यांच्याशी वागायचं ती माणसं किंवा प्राणी, आणि जे हाताळायचं ते साधन, यांच्यापुढे ते येतं. 'गुड विथ चिल्ड्रन' म्हणजे मुलं ज्याच्यापाशी रमतात असा. 'गुड टू चिल्ड्रन' म्हणजे मुलांशी मायेने वागणारा, आणि 'गुड फॉर चिल्ड्रन' म्हणजे मुलांच्या हिताचं. दूध 'गुड फॉर चिल्ड्रन' असतं, शिक्षक 'गुड विथ चिल्ड्रन' असावा लागतो. हातोडी-करवत लीलया चालवणारा 'हँडी विथ टूल्स', आणि ज्याच्या हातात कला आहे तो 'क्लेव्हर विथ हिज हँड्स'.

आणखी एक चूक शब्दयोगी अव्ययाइतकीच वारंवार दिसते. 'ॲट' किंवा 'इन'पुढे क्रियापद आलं तर ते '-इंग' लावूनच येतं: 'गुड ॲट सिंगिंग'. 'गुड ॲट सिंग' किंवा 'स्किल्ड टू सिंग' होत नाही. 'टू' चालतं ते 'एबल' आणि 'क्वालिफाइड' यांच्यापुढे. 'कॉम्पिटंट'पुढेही चालतं, पण 'कॉम्पिटंट टू डिसाइड' यात कौशल्यापेक्षा निर्णय देण्याचा अधिकार किंवा पात्रता अभिप्रेत असते. कामात सक्षम म्हणायचं तर 'कॉम्पिटंट ॲट' किंवा 'कॉम्पिटंट इन'. 'केपेबल'ची तऱ्हा सगळ्यांहून न्यारी: त्याला 'ऑफ' लागतं आणि पुढे पुन्हा '-इंग', म्हणजे 'केपेबल ऑफ लीडिंग अ टीम'.

अर्जात विशेषणाऐवजी नाम वापरणार असाल तर मात्र हिशेब नव्याने मांडावा लागेल. 'टॅलेंटेड ॲट' बरोबर, पण नाम येताच 'अ टॅलेंट फॉर'. 'गिफ्टेड ॲट', पण 'अ गिफ्ट फॉर'. 'प्रोफिशियन्सी' आणि 'एक्स्पर्टीज' यांना 'इन' पुरतं, आणि 'एबल टू'मधला 'टू' 'एबिलिटी'पुढेही तसाच राहतो.